पयनघाटचा कास्तकार

खानदेशची सरहद्द ओलांडून मलकापुराहून पूर्वेस निघालेला राष्ट्रीय महामार्ग नांदुऱ्यास पोहोचण्यापूर्वी वडनेर भोलजी या गावावरून जातो. दक्षिणेस अजिंठ्याची रांग, उत्तरेस सातपुडा आणि या दोहोंच्या मध्ये पूर्णेच्या खोऱ्याची काळीभोर, जवळजवळ सपाट अशी भूमी, हे या परिसराचे रूप. जुन्या दप्तरांतून वऱ्हाडच्या सुभ्याचे बालाघाट आणि पयनघाट असे जे दोन भाग सांगितलेले आढळतात, त्यांपैकी हा पयनघाट होय. बुलढाणा जिल्ह्यातील माणसे अजूनही परस्परांना घाटावरचे आणि घाटाखालचे म्हणून ओळखतात, आणि जिल्ह्याचे ठाणे जरी घाटावर असले तरी कापसाच्या मोठ्या बाजारपेठा, आगगाडीचा रस्ता आणि म्हणून पैशाची उलाढाल हे सारे घाटाखाली आहे, ही गोष्ट घाटाखालचा मनुष्य सांगितल्यावाचून राहत नाही.

अकबराच्या अमलात नरनाळा सरकारात मोडणारा हा मुलूख पुढे निजामाकडे गेला. १८५३ च्या तहाने निजामाने तो कंपनी सरकारच्या स्वाधीन केला, आणि १९०२ मध्ये कायम इजाऱ्याचा करार होऊन मालकी हैदराबादची व अंमल इंग्रजांचा अशी विलक्षण अवस्था स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत चालू राहिली. ज्या प्रांताचा धनी एक, कारभारी दुसरा आणि त्याच्या मालाचा गिऱ्हाईक तिसराच, साता समुद्रांपलीकडील लँकेशायरात बसलेला, त्या प्रांतातील कास्तकाराने दाद मागावी ती कोणाकडे, हा प्रश्न तेव्हापासूनच अवघड होऊन बसला होता. राज्यकर्ते बदलले, प्रांतांच्या सीमा बदलल्या, पण हा प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्काने खाली उतरत आला. आणि ज्या गृहस्थाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्याचे सारे सार्वजनिक जीवन याच प्रश्नाच्या पाठीमागे चाललेल्या एका लांबलचक पायपिटीसारखे आहे.

पांडुरंग पुंडलिक फुंडकर यांचा जन्म २१ ऑगस्ट १९५० रोजी याच नांदुरा तालुक्यातील नारखेड या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. पुढे सारा जिल्हा त्यांना भाऊसाहेब म्हणू लागला. ते जन्मले तेव्हा वऱ्हाड हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेश राज्याचा भाग होता. ते सहा वर्षांचे झाले तेव्हा, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तो द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. आणि वयाच्या दहाव्या वर्षी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्रात आला. शेतातला सालदार तोच, तिफण तीच, वखर-डवराही तोच, परंतु महसुलाचा हुकूम ज्या राजधानीहून सुटावयाचा ती राजधानी एका दशकात नागपुराहून मुंबईस गेली. नागपूर करारान्वये विधिमंडळाचे एक अधिवेशन दर हिवाळ्यात नागपुरास भरू लागले खरे. पण वऱ्हाडच्या कास्तकाराच्या मनात राजधानी दूर गेल्याची जी रुखरुख शिरली, ती काही त्या हिवाळी पाहुणचाराने गेली नाही.

या भागातील राजकारण समजावयाचे तर कापसाचे अर्थकारण थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तेथील कापसाची निर्यात खुंटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. खामगाव हे तेव्हा एकाएकी जगाच्या बाजारनकाशावर आले. जलंब स्थानकापासून खामगावपर्यंत अवघ्या आठ मैलांचा सरकारी लोहमार्ग टाकण्यात आला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनास साक्षात गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांची स्वारी आली. एका कसब्याच्या सरकी-रुईसाठी व्हाइसरॉयाने येणे, यावरून त्या काळी या पिकास साम्राज्याच्या हिशेबात किती महत्त्व होते ते कळते. लढाई संपली, भाव कोसळले, परंतु कपाशी राहिली. कास्तकाराची मापात आणि भावात नागवणूक होऊ नये म्हणून १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. आज देशभर ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या दिसतात, त्यांचे मूळ या वऱ्हाडी कायद्यात आहे. मात्र त्या कायद्याने तराजू सुधारला, भाव ठरविण्याचा अधिकार काही बंडी हाकणाऱ्याच्या हाती आला नाही. त्या समित्यांवर बहुतांशी व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले, हे इंग्रजी अमदानीतील अहवालही कबूल करतात.

स्वतंत्र महाराष्ट्राने या दुखण्यावर जो उपाय योजिला तो धाडसी होता. पुसदच्या वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत १९७१ चा कायदा होऊन १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यात पिकलेला सारा कच्चा कापूस सरकारतर्फे पणन महासंघानेच घ्यावयाचा, खाजगी व्यापाऱ्याने तो खरेदी करावयाचा नाही, हमीभाव आधी द्यावयाचा आणि रुईच्या विक्रीतून नफा उरल्यास त्यातला वाटाही पुढे कास्तकारास मिळावयाचा, अशी तिची रचना होती. व्यापाऱ्याच्या जागी सरकार आले. आणि येथूनच कास्तकार व सरकार यांच्यातील नात्याला एक नवीन वळण मिळाले. कारण आजवर ज्या रागाचा धनी अडत्या होता, त्या रागाचा धनी आता मुंबईचा मंत्री झाला. संकलन केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागल्या, ग्रेडरने चांगला कापूस कवडी ठरविला, चुकारे हप्त्याहप्त्यांनी आणि तेही महिनोन्‌महिने विलंबाने मिळाले, की गाऱ्हाणे सरळ विधानसभेत जाऊन पोहोचे. बाहेरच्या राज्यांत भाव चढले की याच घाटाखालून कापूस रात्रीच्या रात्री बऱ्हाणपुराकडे जाई, आणि भाव उतरले की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रांवर येई. या योजनेने कोरडवाहू शेतकऱ्यास काही वर्षे निश्चितपणे आधार दिला, हे तिचे टीकाकारही नाकारू शकत नाहीत. परंतु जिच्या सरहद्दीवर नाके बसवावे लागतात ती आर्थिक योजना अर्धे पोलिसी कामकाजच होऊन बसते, हेही तितकेच खरे आहे.

अशा काळात पंचविशीतील फुंडकर सार्वजनिक जीवनात उतरले. त्यांनी धरलेला मार्ग त्या काळच्या वऱ्हाडात फारसा फलदायी समजला जात नव्हता. विदर्भ हा काँग्रेसचा अभेद्य गड. १९७७ च्या लाटेत उत्तर हिंदुस्थान पालथा झाला तरी विदर्भाने काँग्रेसची साथ सोडली नाही, आणि फेब्रुवारी १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत तर नव्याने निघालेल्या इंदिरा काँग्रेसने राज्यात मिळविलेल्या ६२ जागांचा मोठा भाग विदर्भातलाच होता. त्या प्रवाहाच्या विरुद्ध खामगाव मतदारसंघातून जनता पक्षाच्या तिकिटावर २७ वर्षांचे फुंडकर निवडून आले. ज्याच्या घरी ना साखर कारखाना, ना सूतगिरणी, ना जिल्हा बँक, अशा तरुणाने व्यापाऱ्यांच्या पेठेच्या गावी निवडून यावे, याचे नवल त्या वेळी अनेकांस वाटले असले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात आमदारकीचा रस्ता सहकारी संस्थांच्या दारावरून जात असे. कपाशीच्या मुलखात तसल्या संस्था तोलामोलाच्या उभ्याच राहिल्या नाहीत, आणि म्हणून येथे केवळ बोलण्याच्या व हिंडण्याच्या बळावर मनुष्य पुढे येऊ शकत असे. विदर्भाच्या मागासपणाचा हा एक अनपेक्षित लाभच म्हणावयाचा.

जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ पाडून जनता पक्षासह पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार बनविले, आणि नवखे आमदार फुंडकर काही काळ सत्ताधारी बाकांवर बसले. तो काळ एकोणीस महिन्यांचा ठरला. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झाले. त्यानंतर तब्बल पस्तीस-छत्तीस वर्षे सत्ता आणि हा गृहस्थ यांची गाठ अशी पडलीच नाही. त्याच वर्षी एप्रिलात भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली आणि मे महिन्यातील निवडणुकीत त्या पक्षाचे जे अवघे १४ उमेदवार महाराष्ट्रात निवडून आले त्यांत खामगावचे फुंडकर होते. २८८ जणांच्या सभागृहात १४ जणांचा गट. भाषणास मिळणारी मिनिटे मोजकी, आणि उत्तर देणाऱ्या मंत्र्यास त्यांची पर्वा त्याहून मोजकी.

सभागृहात जे साधत नाही ते रस्त्यावर साधावयाचे, ही त्या दशकाची रीतच होती. १९८० च्या डिसेंबरात शरद पवारांच्या पुढारीपणाखाली विरोधी पक्षांची शेतकरी दिंडी जळगावाहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी निघाली. तिकडे चाकणच्या कांद्यापासून आरंभ करून शरद जोशी शेतमालाच्या रास्त भावाचा विचार खेड्याखेड्यांत नेत होते, आणि कापसाचा प्रश्न हाती घेऊन त्यांची शेतकरी संघटना विदर्भात येताच तिला मिळालेला प्रतिसाद पाहून सगळेच प्रस्थापित पक्ष चकित झाले. जळगावाहून नागपूरकडे जावयाचे म्हणजे मलकापूर, वडनेर, नांदुरा, खामगाव, अकोला हीच रुळलेली वाट. त्या वाटेवरील गावांनी त्या दशकात मोर्चे, दिंड्या आणि रास्ता रोको इतके पाहिले की एखाद्या मध्यमवयीन कास्तकाराला त्यांची नावे व पक्ष परस्परांत मिसळून आठवावीत यात आश्चर्य नाही. फुंडकर यांनीही कापसाच्या भावासाठी पायी दिंडी काढली, आणि पुढे आयुष्यभर त्यांची ओळख करून देताना लोक प्रथम तिचेच नाव घेत. वारकऱ्यांच्या या प्रदेशात आंदोलनास दिंडीचे रूप देण्यात एक धोरणी शहाणपण होते. मोर्चात पाटलाच्या घरची माणसे उतरत नाहीत. दिंडीत सगळेच चालतात.

१९८९ मध्ये ते अकोल्याहून लोकसभेवर निवडून गेले. बुलढाणा लोकसभा मतदारसंघ त्या काळी राखीव असल्यामुळे घाटाखालच्या या पुढाऱ्यास शेजारच्या जिल्ह्यात जाऊन मते मागावी लागली. ती त्यांना मिळाली, आणि १९९१ व १९९६ मध्येही पुन्हा मिळाली. अकोल्याचा सामना सोपा नव्हता. काँग्रेसच्या जोडीला तेथे प्रकाश आंबेडकरांचे नेतृत्व उभे राहत होते, आणि निवडणुका बहुधा तिरंगी होत. तिरंगी लढतीत आपला मतदार न फुटू देणे हीच विजयाची किल्ली ठरे. १९९८ मध्ये लढतीचे स्वरूप बदलले, काँग्रेसच्या पाठिंब्याने प्रकाश आंबेडकर विजयी झाले आणि फुंडकरांची दिल्लीची कारकीर्द संपली.

या कालखंडातील योगायोग मोठे विचित्र आहेत. १९९५ मध्ये शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांचे सरकार मुंबईत अधिकारावर आले तेव्हा फुंडकर दिल्लीत विरोधी बाकांवर बसलेले होते. १९९६ मध्ये दिल्लीत त्यांच्या पक्षाचे सरकार आले ते तेरा दिवसांत गेले. मार्च १९९८ मध्ये अटलबिहारी वाजपेयी पुन्हा पंतप्रधान झाले, ते सहा वर्षे त्या पदावर राहण्यासाठी. पण त्या लोकसभेत फुंडकर नव्हते. मुंबईतील सत्ता १९९९ मध्ये गेली, आणि त्यानंतर २००० मध्ये पक्षाने त्यांना महाराष्ट्राचे प्रदेशाध्यक्ष केले. पक्षास बरे दिवस असले म्हणजे हा गृहस्थ दुसरीकडे, आणि पडता काळ आला म्हणजे धुरा त्याच्या खांद्यावर, असे हे गणित दिसते. पक्षनिष्ठेची स्तुती करणाऱ्या भाषणांतून अशी उदाहरणे नेहमी दिली जातात. ज्याच्या वाट्यास ती निष्ठा येते त्याला काय वाटत असेल ते मात्र भाषणात येत नाही. प्रदेशाध्यक्षपद २००३ पर्यंत होते. पुढे विधान परिषद, आणि नितीन गडकरी यांच्यानंतर २००५ मध्ये परिषदेतील विरोधी पक्षनेतेपद. ते २०११ पर्यंत त्यांच्याकडे राहिले.

ही सहा वर्षे विदर्भाच्या इतिहासातील अत्यंत खिन्न अशी वर्षे होत. एकाधिकार योजना नव्या शतकाच्या आरंभी मोडीत निघाली होती. २००२ मध्ये बीटी कापसाच्या बियाण्यास देशात परवानगी मिळून पिकाचा भांडवली खर्च वाढला, सावकारी व बँकेचे कर्ज दोन्ही वाढले आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्तांनी वृत्तपत्रांचे रकाने भरू लागले. डिसेंबर २००५ मध्ये विलासराव देशमुख सरकारने १,०७५ कोटी रुपयांचे, आणि जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी प्रत्यक्ष विदर्भात येऊन अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. २००८ मध्ये केंद्राची सर्वदेशीय कर्जमाफी आली. परंतु पूर्ण माफीस दोन हेक्टरांची मर्यादा होती, आणि ज्याच्या पाच एकर बागायतीत ऊस उभा आहे तो माफीस पात्र, तर ज्याच्या आठ एकर कोरडवाहूत पावसाच्या भरवशावर कपाशी उभी आहे तो अपात्र, हा विपर्यास विदर्भाच्या वाट्यास आला. पश्चिमेकडे जमीन कमी व पाणी अधिक, वऱ्हाडात जमीन अधिक व पाणी नाही. हेक्टर हे माप दोन्हीकडे एकच धरल्यास न्याय होत नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही, वऱ्हाडात जन्मणे पुरते. विदर्भातील सर्वपक्षीय आमदारांचा सूर या बाबतीत जवळजवळ एकच होता, आणि परिषदेतील विरोधी पक्षनेता स्वतः कपाशीच्या गावचा असल्यामुळे त्या सुराला अनुभवाचा आधार होता.

२०१४ मध्ये पक्ष राज्यात सत्तेवर आला. खामगावची विधानसभेची जागा त्या वेळी त्यांचे चिरंजीव आकाश फुंडकर यांनी जिंकली. पिता परिषदेत व पुत्र विधानसभेत अशी स्थिती झाली. देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात मात्र भाऊसाहेबांना स्थान मिळाले नाही. कृषी खाते मुक्ताईनगरच्या एकनाथ खडसे यांच्याकडे गेले. जून २०१६ मध्ये खडसे यांनी राजीनामा दिला, आणि ८ जुलै २०१६ रोजी, वयाची पासष्टी पूर्ण झाल्यावर, फुंडकर यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. कृषी व फलोत्पादन हे खाते त्यांना मिळाले. त्याच दिवशी शेतकरी चळवळीतूनच आलेले सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले. जन्मभर सरकारकडे मागत आलेली दोन माणसे एकाच दिवशी सरकार झाली.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे, कारण त्यावाचून पुढील दोन वर्षांचा अर्थ लागत नाही. सामान्य शेतकऱ्याची अशी समजूत असते की कृषिमंत्री म्हणजे शेतीच्या सर्व सुखदुःखांचा धनी. वस्तुस्थिती निराळी आहे. बियाणे, खते, कीटकनाशके यांचा दर्जा, कृषी विस्ताराचे काम, पीकविमा, फळबागा आणि कृषी विद्यापीठे एवढाच त्या खात्याचा मुख्य प्रांत. पीककर्ज आणि कर्जमाफी सहकार खात्याकडे, खरेदी आणि बाजार पणन खात्याकडे, पाणी जलसंपदेकडे, वीज ऊर्जा खात्याकडे, पंचनाम्यानंतरची मदत महसूल खात्याकडे, आणि हमीभाव तर दिल्लीच्या हाती. ज्या कापसाच्या भावासाठी फुंडकर दिंडी घेऊन चालले, तो भाव ठरविण्याचा अधिकार कृषिमंत्र्याच्या मेजावर कधी येतच नाही. इजाऱ्याच्या काळातील धनी, कारभारी आणि गिऱ्हाईक यांची ती जुनी विभागणी सचिवालयाच्या मजल्यांवर नव्याने मांडलेली दिसावी, अशीच ही रचना आहे.

परीक्षा लवकरच आली, आणि ती पीक बुडाल्याने नव्हे तर उदंड पिकल्याने. २०१६ च्या चांगल्या पावसानंतर तुरीचे राज्यातील उत्पादन वीस लाख टनांच्या घरात गेले. आधीच्या वर्षी डाळ महाग झाली म्हणून सरकारनेच तूर पेरण्याचा आग्रह धरला होता. आता ५,०५० रुपये क्विंटल या आधारभूत दराने ती खरेदी करण्याची वेळ आली तेव्हा केंद्रांवर कुठे बारदाना नाही, कुठे गोदाम नाही, कुठे चाळणीवरून वाद, आणि २२ एप्रिल २०१७ रोजी खरेदी थांबली तेव्हाही रांगेत गाड्या उभ्याच. पुढे ती खरेदी पुन्हा चालू करावी लागली. खरेदी पणन खात्याची असली तरी शिव्याशाप कृषिमंत्र्याच्या वाट्यास यावयाचेच. पाठोपाठ १ जून २०१७ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध आणि भाजीपाला शहरांकडे जाऊ द्यावयाचा नाही, ही कल्पना गोदावरी आणि नीरा खोऱ्यांत सहज पेलते, कारण तेथे रोज विकावयाचा नाशवंत माल असतो; कपाशी व तूर पिकविणाऱ्या पयनघाटाने संपावर जायचे म्हणजे काय रोखावयाचे, हा प्रश्नच होता. बोलणी करणाऱ्या मंत्रिगटात चंद्रकांत पाटील यांच्यासमवेत फुंडकरही होते. २४ जून रोजी दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची, एकूण ३४,०२२ कोटी रुपयांची, घोषणा झाली. या खेपेस हेक्टरांची अट नव्हती, ही गोष्ट वऱ्हाडच्या दृष्टीने लहान नव्हे.

त्या वर्षीचा खरीप मात्र कापसाने उलटविला. पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, दमट उष्म्यात, तोंडावर फडके व अंगात साधा सदरा एवढ्यावर जहाल औषधांच्या मिश्रणाची फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले. येथे मात्र जबाबदारी टाळण्यास दुसरे खाते नव्हते. कीटकनाशकांचे परवाने, दुकानांची तपासणी, फवारणीचे शिक्षण, ही सारी कामे कृषी खात्याचीच; आणि खाते उशिरा जागे झाले ही टीका मंत्र्यास ऐकून घ्यावी लागली. ती अन्याय्य होती असे म्हणवत नाही. तालुक्यास दोन-चार निरीक्षक आणि त्यांच्यावर शेकडो दुकाने, अशी यंत्रणा अनेक सरकारांनी मिळून तयार केलेली होती हे खरे. पण खुर्चीवर त्या वेळी बसलेला मनुष्य कपाशीच्या शिवारात वाढलेला होता, आणि मजूर उघड्या हातांनी औषध कालवतो हे त्याला कोणी अहवालातून कळविण्याची आवश्यकता नव्हती.

विषबाधेचा गवगवा शमतो न शमतो तोच हंगामाच्या अखेरीस गुलाबी बोंडअळी आली. बीटी वाणाने जिचा बंदोबस्त होईल असे पंधरा वर्षे सांगण्यात आले होते, त्या अळीने त्या विषास दाद देणे सोडले होते. वरून हिरवी, टपोरी दिसणारी बोंडे फोडून पाहावी तो आत किडका, पिवळट कापूस. विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील अनेक शिवारांत लोकांनी उभ्या पिकात जनावरे सोडली, कोठे नांगर घातला. डिसेंबर २०१७ च्या नागपूर अधिवेशनात फुंडकर यांनी मदतीचे निवेदन केले: कोरडवाहू कापसास हेक्टरी ३०,८०० रुपये व बागायतीस ३७,५०० रुपये. आकडा ऐकून सभागृहात समाधान व्यक्त झाले. मात्र हा आकडा तीन झऱ्यांच्या पाण्याचा होता: कोरडवाहूपुरते बोलावयाचे तर आपत्ती निवारण निधीतून ६,८००, पीकविम्यातून ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून १६,०००. पहिला झरा सरकारच्या हातचा. दुसऱ्याला विमा उतरविल्याची अट. आणि तिसरा, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम, ज्यांच्याकडून वसूल करावयाची त्या कंपन्यांनी दायित्वच अमान्य केले व प्रकरण सुनावण्यांत आणि कोर्टकज्जात अडकले. बहुसंख्य कास्तकारांच्या पदरात पडली ती मुख्यतः पहिली रक्कम. विरोधी बाकावर असते तर हीच फोड करून फुंडकरांनी मंत्र्यास धारेवर धरले असते. मंत्री म्हणून त्यांना ती बेरीज करून सांगावी लागली.

त्यांच्या काळातील एक काम या कोलाहलात झाकले गेले, आणि माझ्या मते टिकाऊपणात ते इतरांहून सरस आहे. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा हे पयनघाटाचे जुने दुःख: विहीर खोदावी तो पाणी खारट, ते पाजावे तो जमीन चोपण होते, आणि पिण्यासाठी देखील गोड पाणी लांबून आणावे लागते. जागतिक बँकेच्या साहाय्याने हवामानातील बदलास तोंड देण्यासाठी विदर्भ, मराठवाडा व खानदेश मिळून पंधरा जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावांसाठी आखलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या खारपाणपट्ट्यातील गावांचा स्वतंत्रपणे समावेश करण्यात आला, आणि २०१८ च्या आरंभी बँकेची मंजुरी मिळून प्रकल्प मार्गी लागला. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवून ते एक-दोन पाळ्या संरक्षित म्हणून द्यावयाचे, ही त्यातील साधी युक्ती. तिचे श्रेय एकट्या मंत्र्याचे नव्हे. आखणी आधीपासून चालली होती. पण पूर्णाकाठच्या कृषिमंत्र्याच्या सहीने ती पूर्णाकाठी यावी, हे योग्यच झाले.

३१ मे २०१८ रोजी पहाटे मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने पांडुरंग फुंडकर यांचे निधन झाले. मंत्रिपदास दोन वर्षे पुरी होण्यास पाच-सहा आठवडे उरले होते आणि नव्या खरिपाच्या पेरण्या तोंडावर होत्या. अंत्यसंस्कार खामगावी झाले. आकाश फुंडकर पुढेही खामगावातून निवडून येत राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे कामगारमंत्री झाले.

मृत्यूनंतर थोड्याच अवधीत राज्य सरकारने ‘भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना’ सुरू केली. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने महाराष्ट्रात आंबा, काजू, संत्रा, डाळिंब यांचे क्षेत्र पुष्कळ वाढविले होते. परंतु केंद्राच्या रोजगार हमीचे निकष लागू झाल्यावर दोन हेक्टरांवरील खातेदार तिच्यातून वगळला गेला. ती उणीव नव्या योजनेने भरून काढली: कोकणात १० हेक्टरांपर्यंत व अन्यत्र ६ हेक्टरांपर्यंत लागवडीस अनुदान, ते तीन वर्षांत अनुक्रमे ५०, ३० व २० टक्के अशा हप्त्यांनी, आणि पुढचे हप्ते झाडे ठरलेल्या प्रमाणात जगली असतील तरच. अधिक जमीन असलेल्या कोरडवाहू खातेदाराला केवळ जमीन अधिक म्हणून वगळू नये, हे वऱ्हाडचे जुने म्हणणे या एका योजनेपुरते सरकारने मान्य केले. खारपाणपट्ट्यातील कास्तकाराला मात्र विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर संत्र्याची बाग जगविणे दुष्कर. तो आजही कपाशी, तूर आणि अलीकडे सोयाबीन हीच पिके पेरतो, आणि त्यांच्या भावासाठी पणन खात्याकडे व दिल्लीकडे पाहतो.